गळा गातो तेव्हा व्हायोलिन काय करतात?

इंग्रजांच्या जुन्या कागदपत्रांत चांदवडचं नाव 'चांदोर' असं सापडतं. गोव्यातही एक चांदोर आहे, साष्टी तालुक्यात. मराठीत त्याला चांदर म्हणतात. दोन्ही नावांत चंद्र आहे आणि दोन्ही गावांनी एके काळी राजधानीचा थाट पाहिला आहे. सेऊण यादवांचं चंद्रादित्यपूर म्हणजे आपलं चांदवड, असं अभ्यासक मानतात. तिकडचं चंद्रपूर भोजांचं आणि पुढे कदंबांचं. आपल्या चांदोरात अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे, त्याचे नक्षीदार लाकडी खांब आणि भिंतींवरची चित्रं बघायला अजून लोक येतात. तिकडच्या चांदोरात मिनेझिस ब्रागांझांचा वाडा आहे. त्यात नाचाचं भलंमोठं दालन आहे, वर झुंबरं, खाली गुळगुळीत फरशी.

या प्रकरणाचा विषय गाणं आहे, आणि तेही फ्रेंच. मग ही दोन गावं कशाला? सांगतो. मराठीत जे उदास, संथ, व्हायोलिनांच्या लाटांवर तरंगणारं गाणं आहे, ज्याला आपण सरसकट भावगीत म्हणून मोकळे होतो, ते दोन वाटांनी मुंबईत येऊन घडलं. एक वाट रागाची आणि शब्दाची. ती होळकरांच्या इंदूरहून धुळे-मालेगावमार्गे, राहुड घाटातून, चांदवडवरून येते. दुसरी वाट पाश्चात्त्य स्वरमेळाची. ती साष्टीतल्या चर्चच्या शाळांतून निघते. फ्रान्समध्ये अशा दोन वाटा नव्हत्या, एकच होती. म्हणून त्यांचं उदास गाणं आणि आपलं उदास गाणं ऐकायला सख्ख्या बहिणींसारखं वाटलं, तरी आतून वेगळं बांधलेलं आहे. तो फरक ओळखायची खूण सोपी आहे. गाणारा गात असताना व्हायोलिन काय करतात, तेवढं ऐकायचं.

आधी फ्रान्सकडे वळू. तिथे या गाण्याला 'शाँसाँ' म्हणतात. शब्दाचा अर्थ नुसता 'गाणं' एवढाच, पण वापरात त्याला वजन आलं ते कवितेमुळे. 1946 साली मार्सेल कार्ने यांच्या एका चित्रपटात ईव्ह माँताँ या तरुण नटाने 'वाळलेली पानं' अशा अर्थाचं गाणं गुणगुणलं. शब्द जाक प्रेव्हेर या कवीचे, चाल हंगेरीहून आलेल्या जोझेफ कोस्मा यांची. चित्रपट पडला, गाणं राहिलं, आणि पुढे इंग्रजीत 'ऑटम लीव्हज' होऊन जगभर गेलं. त्याची चाल पायऱ्या उतरावी तशी आहे. पहिली ओळ ज्या सुरावर सुरू होते, त्याच्या एक पायरी खालून दुसरी, तिच्याही खालून तिसरी. चाल सारखी उतरत राहते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, शब्दांतलं दुःख वाढतंय. दुःख तेवढंच असतं, जमीन खाली सरकत असते.

ही जमीन म्हणजे स्वरमेळ, ज्याला वादक 'कॉर्ड' म्हणतात. तीन-चार सूर एकाच वेळी वाजले की एक रंग तयार होतो. गाणाऱ्याने तोच सूर लावून ठेवला आणि खालचा रंग बदलला, तर सूरही बदलल्यासारखा भासतो. फ्रेंच गाण्यात हे काम मुख्यतः व्हायोलिन, व्हिओला आणि चेलोंच्या ताफ्याकडे असतं. गायक बोलल्यासारखा गातो, कधी गाण्यापेक्षा बोलतोच जास्त, आणि खाली तंतुवाद्यं न थांबता रंग बदलत राहतात. त्याला जे म्हणवत नाही ते ती म्हणतात.

याचं टोक 1971 सालच्या एका तबकडीत दिसतं. सर्ज गँझबूर यांची 'इस्त्वार द मेलोदी नेल्सन' ही जेमतेम 28 मिनिटांची तबकडी. गँझबूर तिच्यात जवळपास गातच नाहीत, ओठांत पुटपुटतात. तिचं संयोजन जाँ-क्लोद व्हानिए यांचं आहे. त्यांच्या तंतुवाद्यांनी आणि शेवटी येणाऱ्या मोठ्या समूहस्वराने सगळी गोष्ट पेलली आहे. आवाज बाजूला काढला तरी कथा कळेल. तंतुवाद्यं काढली तर एक माणूस स्वतःशी बरळतोय एवढंच उरेल.

जाक ब्रेल यांची तऱ्हा उलटी. ते मूळ बेल्जियमचे. 1959 सालच्या 'न म कित पा', म्हणजे 'मला सोडून जाऊ नकोस', या गाण्यात ते अक्षरशः हातापाया पडतात. त्यांचे संयोजक फ्रान्स्वा रोबेर यांनी तिथे मोठा ताफा उभा करून रडारड केली नाही. पियानो, आणि मागे ओन्द मार्तनो नावाचं विजेवर चालणारं वाद्य. 1928 साली लोकांसमोर आलेल्या या वाद्यात बोटातली अंगठी तारेवरून सरकवली की सूर न तुटता वर-खाली जातो. आपल्या कानाला ती सरळ मींड वाटते. पियानोला जे कधीच जमणार नाही ते त्या वाद्याने केलं, आणि तेही गायकाने हात जोडले असताना, त्याच्या पाठीमागून.

शार्ल अझनावूर यांना सुरुवातीला त्यांच्या घोगऱ्या आवाजाबद्दल बरंच ऐकून घ्यावं लागलं. अर्मेनियन निर्वासितांचा हा मुलगा पुढे फ्रान्सचा सगळ्यांत लाडका गायक झाला. त्यांच्या अनेक गाण्यांचं संयोजन पॉल मोरिआ यांनी केलं. हेच मोरिआ 1968 साली नुसत्या वाद्यवृंदाची 'लव्ह इज ब्लू' ही धून घेऊन अमेरिकेच्या यादीत सलग पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. म्हणजे गायक वजा केला तरी गाणं चाललं. मला या गोष्टीची थोडी भीतीच वाटते. फ्रान्स्वाझ आर्दी मात्र वेगळ्या. 1962 साली अठरा वर्षांच्या या मुलीचं पहिलं गाजलेलं गाणं आलं. सगळी मुलं-मुली जोडीने फिरतात, मीच तेवढी एकटी, असं त्याचं सूत्र. साथीला जुजबी बँड. त्या साथीने त्यांचं समाधान झालं नाही. दोनच वर्षांनी त्या लंडनला जाऊन चार्ल्स ब्लॅकवेल यांच्या वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रण करू लागल्या. एकटेपणाला आजूबाजूला गर्दी लागते, हे त्यांना लवकर उमगलं असावं.

आता एक प्रश्न. एकच चांगला वादक असताना ताफा कशाला? कारण विज्ञानाचं आहे. दोन व्हायोलिन एकच सूर वाजवतात तेव्हा तो कधीच तंतोतंत एक नसतो. एकाचा सूर सेकंदाला 440 कंपनांचा आणि दुसऱ्याचा 441 चा असेल, तर कानाला दर सेकंदाला एकदा आवाज फुगून ओसरल्यासारखा वाटतो. दहा-बारा व्हायोलिन असतील तर असे कितीतरी ओसर आणि भर एकमेकांत मिसळतात, शिवाय प्रत्येकाच्या बोटाचं थरथरणं वेगळं. त्यामुळे त्या सुराला एक ओली, हलती किनार येते. तानपुऱ्याजवळ बसलेल्या माणसाला जिवंत, श्वास घेणारा सूर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ताफ्याची मजा त्यातल्या वादकांच्या बारीक चुकांत आहे. म्हणून 1980 नंतर स्टुडिओत कीबोर्डवर 'स्ट्रिंग्ज'चं बटण दाबून भागवायला सुरुवात झाली, तेव्हा गाणी एकदम गुळगुळीत झाली आणि कोरडी पडली. सुरुवातीच्या त्या बटणांत वीस वेगवेगळी माणसं नव्हती.

दुसरी गोष्ट मायक्रोफोनची. गाणाऱ्याला पुटपुटता यायला कोणीतरी तो आवाज मोठा करणं भाग होतं. फ्रान्समध्ये रंगमंचावर मायक्रोफोन वापरणारा पहिला गायक म्हणून जाँ साब्लाँ यांचं नाव घेतात, साल 1936. तेव्हा लोकांनी त्यांची टर उडवली, ह्याला आवाजच नाही म्हणून. आपल्याकडेही वेगळं घडलं नाही. नाट्यसंगीताचा गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला घडलेला होता, त्यात तान होती, फेक होती. मग तबकडी आली, रेडिओ आला, आणि गजाननराव वाटवे, जी. एन. जोशी यांच्यासारख्यांनी कानाशी बोलावं तसं गाणं आणलं. वाटवे गणेशोत्सवात चौकाचौकांत कविता गात, पण तिथेही समोर लाउडस्पीकर होता. भावगीत हे मायक्रोफोनचं अपत्य आहे. त्याचं श्रेय कविता एकटीच घेते, हा थोडा अन्याय.

इथे एक गंमतीचा योगायोग आहे. 1940 साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. पेटीचे सूर पक्के, त्यांतून मींड निघत नाही, आणि वाद्य परदेशी, असा आक्षेप होता. ही बंदी 1971 पर्यंत पूर्णपणे टिकली, मग थोडी सैल झाली. व्हायोलिन त्याहून अस्सल परदेशी, पण त्याच्यावर कोणाचा राग नव्हता, कारण ते मींड घेतं. बंदीचा हेतू काही असो, माझ्या मते तिने रेडिओवरच्या मराठी गाण्यात व्हायोलिनसाठी पाट मांडून दिला. 1955-56 साली पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण सुरू होतं, 56 गाणी. त्यात व्हायोलिनवर प्रभाकर जोग होते. जोग पुढे फडक्यांचे साहाय्यक म्हणून वर्षानुवर्षं राहिले, स्वतः संगीतकार झाले, आणि 'गाणारं व्हायोलिन' ही त्यांची ओळख बनली.

या ओळखीतच आपलं उत्तर दडलं आहे. गाणारं व्हायोलिन! फ्रेंच संयोजकाला व्हायोलिनने गायला नको असतं, त्याने खालची जमीन व्हायला हवं असतं. आपल्याला व्हायोलिन दुसऱ्या गळ्यासारखं हवं. गायक ओळ म्हणतो, व्हायोलिन त्याच्या सावलीसारखं तीच ओळ म्हणतं, क्वचित अर्धं पाऊल मागे राहून. ओळ संपली की मधल्या तुकड्यात, ज्याला वादक 'म्युझिक पीस' म्हणतात, ताफा एकदम वर येतो, लाट उठते, आणि गायकाने तोंड उघडलं की लाट पुन्हा ओसरते. तबला, एखादी बासरी, स्वरमंडळाचा एक फेर आणि शब्द. शब्द चालू असताना कोणी मध्ये बोलायचं नाही, असा जणू शिष्टाचार.

या शिष्टाचाराला यशवंत देव यांनी नाव दिलं. त्यांच्या पुस्तकाचं शीर्षकच 'शब्दप्रधान गायकी' आहे. फ्रेंचांकडेही नेमका हाच विचार आहे, तेही शब्दाला वर बसवतात. फरक एवढाच, की त्यांनी शब्दाला राजा केलं आणि खाली गालिचा अंथरला. आपण शब्दाला राजा केलं आणि दरबार रिकामा केला.

रिकामा का केला, याचं कारण निव्वळ पैसा नव्हे. पैसा होताच. हिंदी चित्रपटाकडे जेवढा मोठा ताफा असे, तेवढा मराठी तबकडीला परवडत नसे, आणि दोघांची बाकं एकाच मुंबईत शेजारी शेजारी होती. पण खरी अडचण रागाची. भूप आणि देशकार घ्या. दोघांचे स्वर तेच पाच. दोघांना वेगळं करतं ते चलन, कुठल्या सुरावर थांबायचं आणि कुठे नुसतं स्पर्शून निघायचं. आता त्यांच्याखाली सा, ग, प असा स्वरमेळ धरून ठेवला की तो दोघांनाही सारखाच चालतो, आणि दोघांमधलं जे वेगळेपण आहे तेच पुसून टाकतो. रागातलं दुःख चालीच्या वाटेत असतं. स्वरमेळ वाटेवर दिवे लावतो, पण सगळ्या वाटांवर सारखेच.

ही कोंडी ज्यांनी सोडवली ते गोव्याचे. चांदर, कुडतरी, लोटली, माजोर्डे हा साष्टीचा पट्टा घ्या. इथल्या चर्चच्या शाळांत पोरांना अक्षरांबरोबर स्वरलेखन शिकवत, कोणी व्हायोलिन धरी, कोणी चर्चच्या समूहात वरचा किंवा खालचा आवाज लावी. याच पट्ट्यात एकोणिसाव्या शतकात मांडो हा गीतप्रकार वाढला. मांडो संथ असतो, कोकणी असतो, बहुतेक वेळा विरहाचा किंवा निरोपाचा असतो, आणि दोन आवाजांत गायला जातो, एकाच्या खाली दुसरा समांतर. साथीला व्हायोलिन आणि घुमट हे तालवाद्य. लोटलीच्या तोर्कातो द फिगेरेदो यांचा निरोपाचा मांडो आजही गोव्यात समारंभांच्या शेवटी ऐकू येतो. फ्रेंच शाँसाँची आपल्याकडची सख्खी चुलतबहीण शोधायची तर ती मराठी भावगीतात सापडायच्या आधी चांदरच्या त्या नाचाच्या दालनात सापडेल. पंखा हातात, स्त्रिया एका ओळीत, पुरुष समोर, आणि गाणं सांगतं की आता भेट होणार नाही.

या घरांतली आणि शाळांतली मुलं पोटासाठी मुंबईला, लाहोरला, कलकत्त्याला गेली. हॉटेलांत नाचाचे बँड वाजवले. सेबॅस्टियन डिसूझा यांचा बँड फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात होता. फाळणीनंतर ते मुंबईत आले, आणि पुढे शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं संयोजन वर्षानुवर्षं त्यांच्या हाती होतं. त्यांनी शोधलेला तोडगा साधा होता. गाण्याखाली सुरांचे ढीग रचायचे नाहीत, एक दुसरी, बारीक चाल लिहायची. गायक श्वास घेईल, शब्दांच्या मध्ये फट पडेल, तिथे ती चाल डोकावेल, आणि शब्द आला की खाली वाकून जाईल. वादक तिला 'काउंटर' म्हणतात. त्यामुळे राग मोडत नाही आणि जमीनही तयार होते.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांना तर यापुढे जायचं होतं. 1958 च्या सुमारास त्यांनी मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात शंभराहून अधिक वादकांचा सिंफनी वाद्यवृंद उभा केला. रागांवर आधारित रचना आणि गायला लता मंगेशकर व मन्ना डे. हा प्रयोग टिकला नाही. गोन्साल्विस यांनी ज्यांना व्हायोलिन शिकवलं त्यांतले संगीतकार प्यारेलाल मात्र टिकले, आणि त्यांनी 1977 साली गुरूचं नाव थेट एका चित्रपटगीतात घातलं. बहुतेक लोकांना आजही ते नाव त्या गाण्यातल्या अमिताभ बच्चन यांच्या पात्राचंच वाटतं.

मराठीत हा वारसा अनिल मोहिले, श्यामराव कांबळे यांच्यासारख्या संयोजकांकडे आला. मोहिले स्वतः व्हायोलिनवादक, लता मंगेशकरांच्या मोठ्या कार्यक्रमांच्या वाद्यवृंदाचं संयोजन करणारे. अरुण पौडवाल यांच्याबरोबर 'अनिल-अरुण' या नावाने त्यांनी चित्रपटांनाही संगीत दिलं. हृदयनाथ मंगेशकर यांची गाणी ऐकताना हा वारसा सगळ्यांत स्पष्ट ऐकू येतो. ते चाल अवघड करतात, इतकी की गायकाला पुढचा सूर कुठे सापडेल याचा भरवसा नसतो, आणि मागे वाद्यवृंद सावधपणे वाट पाहतो. ग्रेस यांच्या कवितांना त्यांनी लावलेल्या चाली ऐका. तिथे हुरहूर शब्दांच्या अर्थात नाहीच, कारण ग्रेस यांच्या ओळींचा एक अर्थ लावायला बसलात तर रात्र सरेल. ती आहे चालीत, आणि चालीच्या मागे राहिलेल्या मोकळ्या जागेत.

श्रीनिवास खळे यांचं मात्र निराळं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीचं 'शुक्रतारा मंदवारा' घ्या, शब्द मंगेश पाडगावकरांचे, आवाज अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे. दाते इंदूरचे. लता मंगेशकरांचा जन्मही इंदूरचा, 1929 चा. म्हणजे चांदवडच्या रंगमहालासमोरून जाणारा रस्ता ज्या गावी पोचतो, तिथले हे दोन गळे, आणि दाते तरी मुंबईला येताना आमच्या घाटावरून गेले असणार, निदान मला तसं समजायला आवडतं. दाते यांचा गळा पहाडी नव्हता. अझनावूर यांच्यासारखाच त्यांचा आवाज गायकीच्या रूढ मापात बसत नव्हता. शब्द हळुवार ठेवून देणं, हे त्यांचं काम. खळे यांची चाल वाकडीतिकडी जाते आणि दाते ती सरळ असल्यासारखी गातात.

एक फरक मात्र बोचतो. फ्रेंच तबकडीच्या वेष्टनावर गायकाच्या नावाखाली 'अमुक यांच्या वाद्यवृंदासह' असं छापलेलं असे. रोबेर हे नाव ब्रेल यांच्या चाहत्याला त्यामुळे पाठ. आपल्याकडे तबकडीवर गायक, कवी, संगीतकार. सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखी माणसं फार तर 'साहाय्यक' म्हणून पडद्यावर चमकून जात. 'शुक्रतारा' कोणाचं, असं विचारलं तर कोणीही तीन नावं सांगेल. त्यात व्हायोलिनच्या ओळी लिहिणाऱ्याचं नाव नसेल.

चांदवडला संध्याकाळी बाजार समितीचं आवार रिकामं होतं आणि कांद्याचे ट्रक महामार्गाला लागतात, तेव्हा एखाद्या ढाब्याच्या स्पीकरवर जुनं भावगीत चालू असतं. इंजिनाच्या घरघरीत शब्द नीट कळत नाहीत. मधला तुकडा आला की मात्र व्हायोलिनांची लाट रस्ता ओलांडून पलीकडे येते, आणि ओळ सुरू झाली की पुन्हा इंजिनाखाली जाते. पुढचा ट्रक जाईपर्यंत थांबावं लागतं.